कोंबडीचं तोंड

थांग मॅडम आल्या होत्या एका शिक्क्यासाठी. आमानं, म्हणजे आजीनं, त्यांच्या हातात सोडतीचा डबा देऊन त्यांना थेट मंचावर चढवलं, तेव्हाच युन-शीच्या लक्षात आलं की शिक्का सुखासुखी मिळणार नाही.

“विद्यापीठातून खास आलेल्या प्राध्यापक!” वेन-ताओ काकानं माइकवरून पुकारा केला. फांगांच्या स्क्रू कारखान्यातल्या वर्षअखेरीच्या जेवणाचं सूत्रसंचालन दर वर्षी त्याच्याकडेच असायचं. कारखान्यातून हाकललेल्या माणसालाच कारखान्याची मनमोकळी थट्टा करता येते, असं त्याचं म्हणणं. “आमच्या युन-शीला सल्ला देणं हे यांचं काम. त्याचा यांना पगार मिळतो. आमच्या घरात तेच काम सगळे फुकट करतात!”

तंबूभर हशा उसळला. मॅडमनी डोळे मिटून चिठ्ठी काढली. पॅकिंगमधल्या हुओंगला फ्रीज लागला. तिच्या कामगार वसतिगृहातल्या खोलीत आधीच दोन फ्रीज होते, तरी ती स्टुलावर चढून नाचली.

युन-शी मुख्य टेबलापाशी मान खाली घालून बसली होती. मॅडम तिच्या वर्गाच्या मार्गदर्शक. प्रत्येक वर्गाला असा एक प्राध्यापक नेमून दिलेला असतो. तो सत्रातून एकदा मुलांना हॉटपॉट, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्शात शिजवायचं जेवण, खाऊ घालतो, ‘काही अडचण आहे का?’ असं विचारतो, मुलं ‘नाही सर’ म्हणतात आणि मांसाचे पातळ काप संपवतात. थांग मॅडमच्या बाबतीत गोंधळ एवढाच होता की त्या उत्तर येईपर्यंत थांबत. हॉटपॉट उकळून आटला, सगळी मुलं निघून गेली, तरी त्या युन-शीसमोर बसून राहिल्या होत्या. शेवटी युन-शीनं सांगितलं होतं की ती दुसऱ्यांदा ‘अर्धी’ होणार आहे.

नियम सरळ होता. एका सत्रात निम्म्याहून जास्त क्रेडिट नापास झाले, तर पोरं त्याला अर्धं होणं म्हणत. पहिल्यांदा झालं तर इशारा, दुसऱ्यांदा झालं तर दप्तर गुंडाळून घरी. युन-शीचा इशारा गेल्या उन्हाळ्यातच येऊन गेला होता. या सत्रात मॅडमनी तिला मुदतीच्या आत दोन विषय सोडायला लावले, म्हणून ती कशीबशी तरली. पुढच्या सत्रासाठी त्यांचा उपाय असा: फक्त नऊ क्रेडिट घ्यायचे. तेवढ्यांना अर्धं होण्याचा नियम लागत नाही. पदवीला चाराऐवजी पाच वर्षं लागतील, पण पदवी मिळेल. इतका कमी भार घ्यायचा तर पालकाची संमती, म्हणजे कागदावर सहीऐवजी त्याच्या नावाचा शिक्का, लागते, आणि संमतीचा कागद सोमवारी पोचायला हवा होता.

“तुझ्या घरी मी काय काय बोललेलं चालेल?” मॅडमनी गाडीत तिला विचारलं होतं.

“सगळं बोला. नाहीतर ते स्वतःच काहीतरी रचतील.”

मॅडम मंचावरून उतरून टेबलाशी आल्या. आमानं त्यांना आपल्या उजव्या हाताला बसवलं आणि त्यांच्या वाडग्यात झिंग्यांचा डोंगर रचला.

“खा. तुम्ही माझ्या नातीला हॉटपॉट खाऊ घातलात. फांगांनी कुणाचं जेवण कधी अंगावर ठेवलेलं नाही.”

“आजी, मी खरं तर बोलायला...”

“बोलणं कोंबडी आल्यावर. रिकाम्या पोटी सल्ला दिला तर तो कडू लागतो.”

“आणि भरल्या पोटी दिला तर झोप लागते,” काका स्टूल ओढत म्हणाला.

*

युन-शीच्या बाबांना, वेन-पिनला, कोंबडीपर्यंत धीर नव्हता. त्यानं चार पेले बिअर घेतली होती, प्रत्येक टेबलावर जाऊन फोरमन, ड्रायव्हर, निर्यात एजंट या सगळ्यांच्या पेल्याला पेला भिडवला होता, आणि तेवढ्या वेळात तीन जणांनी विचारलं होतं, “मुलगी कधी येणार कारखान्यात?” तिघांनाही त्यानं एकच उत्तर दिलं होतं: दीड वर्ष.

“मॅडम,” तो बसता बसताच म्हणाला, “नऊ म्हणजे काय हो? मागच्या सत्राला पंचवीस होते. मी स्वतः बसवले होते.”

“तुम्ही बसवले होते?”

“मग! नोंदणी उघडली की मीच बसतो कॉम्प्युटरवर. सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठपासून. एक तास रिकामा ठेवला नाही. रंग देऊन वेळापत्रक केलं, ऑफिसात भिंतीवर लावलंय. रिकामा तास म्हणजे बंद यंत्र. बंद यंत्रालासुद्धा भाडं, वीज, धूळ, सगळं लागतंच.”

युन-शीनं झिंग्याचं डोकं मोडलं. ते वेळापत्रक खरंच सुंदर होतं. गणितांना निळा रंग, प्रयोगांना हिरवा. शुक्रवारी दुपारी एक चौकोन उरला होता, तर बाबांनी त्यात ‘कोरियन भाषा, प्राथमिक’ ठोकून बसवली होती, कारण कोरियात स्क्रूचा खप होता.

“श्री. फांग,” मॅडम म्हणाल्या, “मी तिच्या उत्तरपत्रिका मागवून पाहिल्या. सगळ्या विषयांच्या. पहिले दोन प्रश्न पैकीच्या पैकी. तिसरा निम्मा. त्यापुढे कोरं.”

“सगळ्या विषयांत?”

“सगळ्या. कोरियनमध्येसुद्धा.”

“म्हणजे अभ्यास दोनच धड्यांचा केला.”

“नाही. तिसरा प्रश्न जिथे सुटला, तिथपर्यंत एक चूक नाही. मी तिला विचारलं, उरलेल्या वेळात काय करतेस? तर म्हणाली, उरतच नाही. पहिलं उत्तर ती वेगळ्या पद्धतीनं पुन्हा काढून बघते. जुळलं तरी एकदा उलटीकडून.”

“कशाला?”

मॅडमनी युन-शीकडे पाहिलं. तिला बोलायचं असेल तर जागा द्यावी, तशा. युन-शी खालच्या आवाजात म्हणाली, “एक खराब स्क्रू गेला तर सगळा कंटेनर परत येतो.”

ते वाक्य आमाचं होतं. पाचवी-सहावीत असताना शाळेतून आली की युन-शी बाद मालाच्या टेबलावर आमाशेजारी बसायची, एकेक स्क्रू बोटांत फिरवून आटे बघायची आणि हे वाक्य ऐकायची. नात हुशार आहे, डोळा पक्का आहे, असं आमा गल्लीभर सांगत फिरायची.

“अगं पण पेपरात कशाला तपासायचं?” वेन-पिनचा आवाज चढला. “तपासायला मास्तर आहे ना! त्याला त्याचाच पगार मिळतो!”

काका हसून लोळायचा बाकी राहिला. मॅडमही हसल्या, आणि मग त्यांच्याकडून चूक झाली.

“बघा, तुमच्याकडे काही यंत्रं मिनिटाला शेकड्यानं स्क्रू ठोकतात. पण दातांत बसवायचे जे बारीक...”

“नको!” वेन-पिननं हात वर केला. “मॅडम, स्क्रूची उपमा नको. बँकवाला देतो, विमेवाला देतो, लग्नात भाषण करणारा देतो. माझ्या मेव्हण्याच्या अंत्यविधीत भटजीनंसुद्धा दिली. आयुष्य म्हणजे स्क्रू, हळू फिरवा, घट्ट बसतो. माझी मुलगी स्क्रू नाही.”

“हे मात्र बरोबर बोललास, दादा,” काका म्हणाला. “मग तिचं वेळापत्रक स्क्रूसारखं का केलंस?”

“तू कुत्र्यांचे केस काप.”

“कापतो ना. ताइचुंगमध्ये सगळ्यात चांगलं दुकान आहे माझं. पूडल हलत असला की मी थांबतो. घाई केली तर कान कापला जातो.”

“झालं! आता कुत्र्याची उपमा!”

*

कोंबडी आली तेव्हा आमा मनातल्या मनात हिशेब मांडत होती. तिच्या हिशेबात आकडे कधी नसत, माणसं असत. धाकटा वेन-ताओ, तिचा आ-ताओ, पोरीच्या बाजूनं, कारण तो नेहमी थोरल्या आ-पिनच्या, म्हणजे वेन-पिनच्या, विरुद्ध. आ-पिन स्वतःच्या बाजूनं. मॅडम चिवट हाडाच्या दिसतात, तीन झिंगे सोलूनही बोलणं सोडलं नाही. सून कुणाच्या बाजूनं हे विचारायची वेळ या घरात कधी आली नव्हती. आमा स्वतः कुणाच्या बाजूनं, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. तिला कारखान्याला वारस हवा होता. ‘खराब स्क्रू’वालं वाक्य ऐकल्यापासून मात्र तिचे झिंगे वाडग्यात तसेच पडून होते.

आणि समोर टेबलाच्या मधोमध असलेल्या फिरत्या काचेवर पोऱ्यानं परात ठेवली. अख्खी उकडलेली कोंबडी, मान ताठ, चोच पुढे.

आमाचा हात थांबला.

जुना आचारी म्हातारा झाला म्हणून यंदा नवा सांगितला होता. नव्याला फांगांची पद्धत कुणी सांगितली नव्हती. या घरात वर्षअखेरीच्या कोंबडीचं डोकं पंखाखाली खोचून आणायचं, हे तिचा नवरा मरायच्या आधीपासून ठरलेलं होतं. पूर्वी मालक ज्याच्याकडे कोंबडीचं तोंड करी, त्यानं नव्या वर्षात कामावर यायचं नसे. तोंडानं ‘जा’ म्हणायची लाज वाटणाऱ्यांनी शोधलेली युक्ती. तिच्या नवऱ्याला लाज कमी होती आणि राग जास्त. त्यानं एके वर्षी कोंबडी फिरवून सख्ख्या धाकट्या मुलासमोर थांबवली होती, कारण आ-ताओ सगळ्यांसमोर म्हणाला होता की स्क्रू बनवणं कंटाळवाणं आहे. आ-ताओनं त्या रात्रीच बॅग भरली. परत यायला त्याला बापाच्या मरणाचं निमित्त लागलं.

आता चोच होती आ-ताओकडेच.

“अरे वा,” आ-ताओ म्हणाला. “जुनी ओळख.” आणि त्यानं बोटाच्या टोकानं काच ढकलली. कोंबडी डौलात फिरली आणि वेन-पिनसमोर थांबली. “दादा, वेळापत्रक खात्यातून तुझी बदली.”

“थट्टा पुरे,” वेन-पिन म्हणाला आणि त्यानं काच परत लोटली. हातात राग होता, म्हणून ती जास्तच फिरली. भात, सूप, कोंबडी, सगळं गरगरत गेलं आणि चोच थांबली थेट थांग मॅडमच्या पुढ्यात.

शेजारच्या टेबलावरचे फोरमनसुद्धा माना वळवून बघू लागले. पाहुण्याकडे, तेही शिक्षकाकडे! आमाच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यात हे कुणी केलं नव्हतं. वेन-पिनचं तोंड लाल झालं. त्याला तसं करायचं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण आता माघार घ्यायची कशी, हेही त्याला कळत नव्हतं.

“ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “मला काढायचं असेल तर काढा. तिला दुसरा मार्गदर्शक मिळेल. पण तोही नऊच सांगेल. न सांगितलं तर तो हॉटपॉटच खातोय असं समजा.”

आमाला हसू आलं. तिनं ते दातांत दाबलं. “मॅडम, तुम्हाला स्वतःला पदवीला किती वर्षं लागली?”

“सहा.”

“सहा!”

“पहिली तीन रसायनात घालवली. आमचे मार्गदर्शक सर सत्राला एकदा जेवण द्यायचे आणि ‘मेहनत कर’ म्हणायचे. मी मेहनत केली. जास्त मेहनतीनं नापास झाले.”

“आणि तरी प्राध्यापक?”

“प्राध्यापकाला कुणी विचारत नाही हो आजी, किती वर्षं लागली म्हणून. तुम्हीच पहिल्या.”

तेवढ्यात युन-शी उठली. तिनं काच दोन्ही हातांनी धरली, हळू, सूप सांडणार नाही इतक्या बेतानं फिरवली, आणि चोच स्वतःसमोर आणून थांबवली. मग नेहमीच्या सवयीनं वाकून, सरळ आलीय ना, हे तपासलं.

“मलाच काढा मग,” ती म्हणाली. “पंचवीस घेऊन मी जूनमध्ये परत अर्धी होईन आणि विद्यापीठ काढेल. त्यापेक्षा घरच्यांनी काढलेलं बरं. निदान जेवण चांगलं आहे.”

“खाली बस,” वेन-पिन म्हणाला.

“बाबा, मला मशीनं आवडतात. मला तीच शिकायचीत. मला काही चित्रकार-बित्रकार व्हायचं नाही, घाबरू नका. मला फक्त वेळ हवा.”

“पाचवं वर्ष! लोकांना काय सांगू? चार वर्षांचं काम पोरीनं पाच वर्षांत केलं?”

“उशिरा पोचलेला माल आणि परत आलेला माल, यातलं काय सांगायला बरं वाटेल ते बघा.”

“आता हिनंही उपमा दिली,” काका पुटपुटला.

वेन-पिननं चॉपस्टिक खाली ठेवल्या. “मी शिक्का देणार नाही. संपलं.”

सगळ्यांनी आमाकडे पाहिलं. ती नेहमीसारखा निवाडा करील, असं सगळ्यांना वाटत होतं. आमा कोंबडीकडे बघत होती. तिनं तोंड उघडलं असतं तर त्यातून आ-ताओच्या बॅगेबद्दल काहीतरी निघालं असतं, आणि ते तिला या टेबलावर नको होतं. “घरात शिक्का आ-पिनचा चालतो,” ती एवढंच म्हणाली, आणि म्हणताना तिला स्वतःचाच राग आला.

“शिक्का त्याचा,” काका म्हणाला, “पण असतो कुठे?”

*

युन-शीच्या आईच्या, ली-चुआनच्या पर्समध्ये.

ती टेबलाच्या दाराकडच्या बाजूला बसली होती. वाढणाऱ्यांना खुणा करायला ती जागा सोयीची. लग्न झाल्यापासून हीच तिची जागा. सगळ्यांचे डोळे एकदम आपल्याकडे वळलेले बघून तिला पहिल्यांदा वाटलं, भात कमी पडला.

नवऱ्याचा शिक्का ती दिवसातून कितीदा उमटवी, ते तिनं कधी मोजलं नव्हतं. बँक, कस्टम, वीज, युन-शीच्या शाळेच्या सहली, ‘प्रगतिपुस्तक पाहिले’. वेन-पिनला स्वतःचा शिक्का कसा दिसतो हेसुद्धा आठवत नसणार. आत्ता टेबलाखाली हात घालून तो उमटवला असता तर त्याला उद्या कळलंही नसतं. काका तेच सुचवत होता, भुवया नाचवून. ली-चुआनला हा दीर आवडायचा, पण त्याला वाटतं तितका तो चतुर नव्हता.

“मॅडम,” ती म्हणाली, “संमती कुणाची लागते? वडिलांची?”

“पालकाची.”

“कुठल्या?”

“कुणाही एकाची.”

“तसं लिहिलंय?”

“लिहिलंय.” मॅडमनी बॅगेतून कागद काढला. ली-चुआननं चष्मा लावला आणि तो सगळा वाचला, मागची बाजूसुद्धा. टेबल थांबून राहिलं. पोरीची ती सवय एकट्या आमाकडूनच आलेली नव्हती.

“एक विचारते,” कागद खाली ठेवत ती म्हणाली. “नऊ घेतले आणि ही तरीसुद्धा तिसऱ्या प्रश्नावरच अडली तर?”

“तर अडेल,” मॅडम म्हणाल्या. “मी खात्री देऊ शकत नाही. दर आठवड्याला ती माझ्याकडे घड्याळ लावून जुने पेपर सोडवणार आहे. तपासायचं नाही, फक्त पुढे जायचं. पहिल्याच दिवशी रडली.”

“रडले नाही,” युन-शी म्हणाली. “थोडीशीच.”

ली-चुआननं मान हलवली. खात्री देतो म्हणणाऱ्यांची बिलं तिनं भरपूर पाहिली होती. मग तिनं चॉपस्टिक उचलल्या, हात लांब करून कोंबडीची मान पकडली, एक पीळ दिला, आणि डोकं स्वतःच्या वाडग्यात ठेवलं.

“गार होतंय,” ती म्हणाली. “खा सगळे.”

“वहिनी!” काका ओरडला. त्याच्या आवाजात इतका आदर आजवर कुणी ऐकला नव्हता.

तिनं पर्स उघडली. शिक्क्यांची थैली काढली. वेन-पिनचा लाकडी शिक्का वरच होता, वापरून गुळगुळीत झालेला. तो तिनं बाजूला ठेवला. कारखान्याचा चौकोनी बाजूला ठेवला. तळाशी तिचा स्वतःचा होता, म्हशीच्या शिंगाचा, माहेरच्या आडनावाचा: च्वांग ली-चुआन. कॉमर्सची पदवी मिळाली तेव्हा वडिलांनी करून दिला होता. चार वर्षांची पदवी तिनं साडेतीन वर्षांत मिळवली होती, हे या टेबलावर कुणालाही माहीत नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

शिक्का कोरडा पडला होता. तिनं तो तोंडाशी नेऊन ‘हा’ करून वाफ दिली, लाल शाईत दाबला, कागदावर टेकवला आणि अंगठ्यानं चारी बाजूंनी नीट दाब दिला. कड न कड उमटली.

“माझा का नाही लावलास?” वेन-पिननं विचारलं. त्याला भांडायचं होतं, पण आवाजात कुतूहलच जास्त आलं.

“तू नको म्हणालास ना. नको म्हणणाऱ्या माणसाचा शिक्का लावणं बरोबर नाही.”

“आणि तो उमटवायच्या आधी मला विचारलं असतंस तर?”

“तुला आज सगळे विचारतच होते.” तिनं कागद मॅडमना दिला आणि पोरीकडे वळली. “आणि तू. रडायचं असेल तर घड्याळ चालू ठेवून रडायचं. थांबायचं नाही.”

मग तिनं कोंबडीचं डोकं उचललं आणि नीट चोखून खाल्लं. आमा तिच्याकडे एकटक पाहत होती. फांगांच्या घरात ते डोकं कुणी खाल्ल्याचं तिला आठवत नव्हतं.

“कसं लागतं गं?” शेवटी आमानं विचारलं.

“मानेसारखंच, आई. हाडंच जास्त.”

वेन-पिननं बिनडोक्याच्या कोंबडीकडे बोट केलं. “आता हिचं तोंड कुणाकडे समजायचं?”

“तोंड गेलं,” आमा म्हणाली. “तंगडी वाटा.” पहिली तंगडी तिनं मॅडमच्या वाडग्यात टाकली. दुसरी उचलून आ-ताओच्या वाडग्यापर्यंत नेली, क्षणभर तशीच धरली, आणि ठेवली. आ-ताओला पुढची पाच मिनिटं एकही विनोद सुचला नाही.

तीनची गाडी गाठायला मॅडम निघाल्या. काका त्यांना स्टेशनवर सोडायला गेला आणि वाटेत, मांजर पाळता का, असं विचारून आला. हुओंगचा फ्रीज फोर्कलिफ्टवरून वसतिगृहाकडे गेला. आचाऱ्याची पोरं टेबलं आवरत, स्टुलं एकात एक घालत मुख्य टेबलापर्यंत आली. युन-शीचा भात अजून संपायचा होता. ती एकेक घास बघून खात होती.

एका पोऱ्यानं तिच्या पुढ्यातली परात ओढली.

“असू दे ती,” वेन-पिन म्हणाला. तो तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून होता. “दुसरी टेबलं आवर आधी.”

“साहेब, दुसरी झाली सगळी.”

“मग थांब जरा.”

पोऱ्या थांबला. वेन-पिननं मनगट उलटं करून घड्याळाची तबकडी खालच्या बाजूला फिरवली, आणि तोही थांबला.